डोमेनचे नेम सर्व्हर बदलताय? आधी मेल सांभाळा

दिवेआगर, हर्णै, गुहागर, तारकर्ली. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात आज घरगुती राहण्याजेवणाची सोय करणाऱ्यांची स्वतःची वेबसाइट असते. देवगड-रत्नागिरीचे बागायतदार हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतात, त्यांचीही असते. ही साइट बहुतेक वेळा चार-पाच वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिलेली असते. मग एखाद्या वर्षी होस्टिंगचं बिल एकदम वाढून येतं, किंवा साइट फार हळू उघडते म्हणून नवी कंपनी घेतली जाते. नवी कंपनी एका ओळीत सांगते, ‘तुमचे नेम सर्व्हर बदला आणि हे दोन टाका.’

ते दोन टाकायला मिनिटभरही लागत नाही. साइट उघडते, सगळे खूश होतात आणि तीन-चार दिवसांनी लक्षात येतं की मेल यायचे बंद झालेत. साइट बंद पडली तर कुणीतरी फोन करून सांगतं. मेल बंद पडला तर कुणी सांगत नाही, कारण पाठवणाऱ्याला वाटतं मेल पोचला आणि आपल्याला वाटतं या आठवड्यात चौकशीच नाही. रोजची बुकिंगं व्हॉट्सअॅपवर होतात हे खरं. पण पंधरा खोल्या एकदम घेणारी पुण्याची कंपनी, जीएसटीचं बिल मागणारं गिऱ्हाईक, पैसे जमा झाल्याची पेमेंट गेटवेची सूचना, हे सगळं मेलवरच येतं. म्हणून या लेखात साइटपेक्षा मेलची काळजी जास्त घेतली आहे.

नेमकं काय बदलतं

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक घोळ त्या एकच समजल्याने होतो. डोमेन ज्याच्याकडे नोंदवलं तो रजिस्ट्रार. साइटच्या फायली जिथे ठेवल्यात ते होस्टिंग. आणि या नावाची साइट कुठे आहे, मेल कुठे द्यायचा, याची यादी ज्यांच्याकडे आहे ते नेम सर्व्हर. तिन्ही एकाच कंपनीकडे असू शकतात, तीन कंपन्यांकडेही असू शकतात. मेल चौथीकडेही असू शकतो.

एसटी स्टँडवर उतरलेला पाहुणा टपरीवर विचारतो, टपरीवाला सांगतो, ‘त्या घरांचं सगळं खोतांना माहीत, त्यांना विचारा’, आणि खोत घर दाखवतात. पाहुण्याचा मोबाइल तुमची साइट अशीच शोधतो. त्याच्या इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे पत्ता शोधून देणारा सर्व्हर, आधी इंटरनेटच्या मूळ सर्व्हरला विचारतो. तिथून त्याला रजिस्ट्रीकडे, म्हणजे डॉट कॉम, डॉट इन अशा एकेका शेवटाची नोंदवही सांभाळणाऱ्याकडे, पाठवलं जातं. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही कंपनी चालवते, डॉट इनची निक्सी. रजिस्ट्रीला तुमच्या साइटचा पत्ता माहीत नसतो. तिच्याकडे फक्त एवढी नोंद असते की या डोमेनबद्दल या दोन नेम सर्व्हरना विचारा. नेम सर्व्हर बदलणं म्हणजे रजिस्ट्रीतली ही नोंद बदलणं. त्यानंतर नव्याने विचारणारा कुणीही तुमच्या जुन्या यादीकडे जात नाही. नव्या यादीत जे लिहिलेलं असेल तेवढंच खरं, आणि जे लिहायचं राहिलं ते जगाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

आता त्या प्रसिद्ध ‘२४ ते ४८ तासां’बद्दल. बदल जगभर हळूहळू पसरत जातो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात कुणी काही पसरवत नाही. ज्या रिझॉल्व्हरने तुमच्या डोमेनबद्दल आधी विचारलेलं असतं, तो ते उत्तर ठरावीक काळ जपून ठेवतो. त्या काळाला टीटीएल म्हणतात आणि तो सेकंदांत लिहितात. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत नेम सर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे बरोबर दोन दिवस. बदलाच्या पाच मिनिटं आधी कुणी विचारलं असेल तर तो पुढचे दोन दिवस जुन्याच ठिकाणी जाऊ शकतो. दुसरा लगेच नव्याकडे जाईल. हा काळ तुमच्या हातात नाही. इतर प्रकारच्या डोमेनना तो कमी असू शकतो, पण दोन दिवस धरून चाललं की सहसा फसत नाही.

या संक्रमणाला घाबरायचं कारण मात्र नाही. जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणी यादी अक्षरशः सारखी असेल तर कोण कुणाला विचारतोय याने काहीच फरक पडत नाही. पुढचे सगळे टप्पे एवढं एकच साधण्यासाठी आहेत. म्हणूनच नेम सर्व्हर आणि होस्टिंग एकाच दिवशी बदलू नका. आधी यादी जशीच्या तशी नव्या जागी न्या आणि नेम सर्व्हर बदला. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं की मग साइट हलवा आणि यादीतली ती एक ओळ बदला. दोन्ही एकदम केलं आणि काही बिघडलं, तर दोष कुठे आहे हे शोधण्यातच दिवस जातो.

कधी करायचं

मार्च ते मे आंब्याची घाई. शिमगा, मे महिन्याची सुट्टी, दिवाळीनंतरचे दिवस, नाताळ ते नवं वर्ष ही पाहुण्यांची गर्दी. गणपतीच्या आधीचे दोन आठवडे तर विचारूच नका. राहिला जुलै. वॉटर स्पोर्ट्स बंद, समुद्र खवळलेला, खोल्या रिकाम्या. हे काम करायला जुलै-ऑगस्टची सुरुवात सर्वांत सोयीची.

अडचण एकच. कोकणातल्या जुलैत लाइट कधी जाईल आणि फायबर कधी तुटेल याचा नेम नसतो. त्यामुळे लॅपटॉप पूर्ण चार्ज हवा आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट जवळ हवं. घरचं फायबर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम चालेल. ही दोन नेटं पुढे तपासणीलाही लागणार आहेत. वादळाचा इशारा असेल तर काम सरळ पुढे ढकला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर कित्येक गावांत दिवसेंदिवस लाइट आणि मोबाइलची रेंज नव्हती. अर्धवट काम झालेलं असताना तसं काही झालं तर ते पूर्ण करायला हातात काहीच उरत नाही.

वार मंगळवार किंवा बुधवार, वेळ सकाळची. शुक्रवारी संध्याकाळी केलेल्या बदलातली चूक शनिवारी दिसते, आणि तेव्हा दोन्ही कंपन्यांच्या मदत कक्षात जाणता माणूस मिळेलच असं नाही.

चाव्या कुणाच्या हातात आहेत

हे तांत्रिक नाही, पण किनाऱ्यावरची निम्मी कामं इथेच अडतात. डोमेन साइट करून देणाऱ्याच्या खात्यात असतं, ओटीपी पुण्याच्या भाच्याच्या जुन्या नंबरवर जातो, किंवा खात्याचा मेल आयडी त्याच डोमेनवरचा असतो. शेवटची गोष्ट सगळ्यांत धोक्याची. नेम सर्व्हर बदलताना मेल बंद पडला आणि रजिस्ट्रारचा ओटीपी त्याच मेलवर येत असेल, तर चूक दुरुस्त करायला आत शिरताच येणार नाही. म्हणून पहिल्यांदा रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन मेल आयडी बदलून जीमेलसारखा बाहेरचा ठेवा. मोबाइल नंबर स्वतःचा टाका आणि एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरून बघा.

मग कुठल्याही हूइज पानावर, म्हणजे डोमेनची सार्वजनिक नोंद दाखवणाऱ्या पानावर, आपलं डोमेन टाका. तिथे चार गोष्टी पाहायच्या: रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, आत्ताचे नेम सर्व्हर कोणते आणि स्टेटस काय. मुदत महिन्याभरात संपत असेल तर आधी नूतनीकरण करा. मुदत संपलेल्या डोमेनचे नेम सर्व्हर रजिस्ट्रार स्वतःच बदलून जाहिरातीच्या पानाकडे वळवतात. स्टेटसमध्ये ‘क्लायंट ट्रान्स्फर प्रोहिबिटेड’ दिसलं तर ते तसंच राहू द्या, ते डोमेन चोरीपासून वाचवणारं कुलूप आहे आणि नेम सर्व्हर बदलायला ते काढावं लागत नाही. ‘क्लायंट अपडेट प्रोहिबिटेड’ असेल तर मात्र तेवढं तात्पुरतं उघडावं लागेल.

इथेच एक सावधगिरी. नेम सर्व्हर बदलायला ऑथ कोड किंवा ईपीपी कोड कधीच लागत नाही. तो कोड डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी असतो. ‘नेम सर्व्हर बदलून देतो, कोड पाठवा’ असं कुणी म्हणालं तर तो देऊ नका.

जुन्या यादीची नक्कल

आता खरं काम. यासाठी निवांत दोन तास काढा.

पहिला प्रश्न, चालू यादी नक्की कुठे आहे? हूइजमध्ये दिसलेले नेम सर्व्हर ज्या कंपनीचे, त्याच कंपनीच्या पॅनेलमधली यादी चालू असते. होस्टिंगच्या सीपॅनेल या नियंत्रण पानावर ‘झोन एडिटर’ दिसतो, रजिस्ट्रारच्या पानावरही ‘डीएनएस मॅनेजमेंट’ दिसतं (डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची ही सगळी व्यवस्था), आणि दोन्हीकडे नोंदी भरलेल्या असतात. त्यातली एकच जिवंत. दुसरी वर्षानुवर्षं जुनी होऊन पडलेली असते. चुकीची यादी उतरवून घेतली तर पुढची सगळी मेहनत वाया.

जिवंत यादी सापडली की ‘एक्स्पोर्ट’ची सोय असेल तर फाइल उतरवून घ्या. नसेल तर स्क्रीनशॉट काढा, शेवटच्या पानापर्यंत. लांब नोंदी स्क्रीनशॉटमध्ये अर्धवट दिसतात, त्या उघडून नोटपॅडमध्ये चिकटवा. एका साध्या होमस्टेची यादी साधारण अशी दिसते:

@ — ए — २०३.०.११३.२५ — १४४००
डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू — सीनेम — मुख्य डोमेन
मेल — ए — २०३.०.११३.२५
बुकिंग — सीनेम — बुकिंग इंजिनवाल्या कंपनीने दिलेला पत्ता
@ — एमएक्स — ० — मुख्य डोमेन
@ — टीएक्सटी — एसपीएफची ओळ
डीफॉल्ट._डोमेनकी — टीएक्सटी — डीकेआयएमची भलीमोठी किल्ली
_डीमार्क — टीएक्सटी — डीमार्कची ओळ
@ — टीएक्सटी — गूगलला मालकी पटवणारी ओळ

ही यादी वाचायला शिकलात तर निम्मी लढाई जिंकली. @ म्हणजे मुळातलं डोमेन. ए म्हणजे सर्व्हरचा पत्ता, सीनेम म्हणजे दुसऱ्या नावाकडे दाखवलेलं बोट, टीएक्सटी म्हणजे नुसता मजकूर. पहिली ओळ सांगते साइट कुठल्या सर्व्हरवर आहे. शेवटचा आकडा टीटीएल, सीपॅनेलमध्ये तो सहसा १४४०० म्हणजे चार तास असतो. एमएक्स ओळ मेल कुणाकडे द्यायचा ते सांगते. इथे ती ‘मुख्य डोमेन’कडे बोट दाखवतेय, म्हणजे मेल त्याच होस्टिंगवर येतो. पुढे एक दिवस तुम्ही साइट नव्या होस्टिंगवर न्याल, पहिल्या ओळीतला आकडा बदलाल, आणि मेलही न सांगता साइटच्या मागोमाग नव्या सर्व्हरवर जाईल, जिथे तुमचे मेलबॉक्सच नाहीत. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा घेतली आणि मुख्य डोमेनवर त्यांचा नारिंगी ढग, म्हणजे त्यांची मध्यस्थी, चालू ठेवली, तरी असा घोटाळा होऊ शकतो, कारण तो ढग वेबची रहदारी घेतो, मेलची नाही. उपाय सोपा आहे. एमएक्सला मुख्य डोमेनऐवजी ‘मेल’ या नावाकडे वळवा, त्या नावाची ए ओळ मेलच्या सर्व्हरवर ठेवा आणि तिच्यावरचा ढग करडा, म्हणजे बंद, ठेवा. हा बदल आधी जुन्या यादीत करा, मेल येतोय का ते पाहा, मगच नक्कल करा.

एसपीएफ (मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतो), डीकेआयएम (मेलवरची सही) आणि डीमार्क (हे जुळलं नाही तर काय करायचं) या तिघांमुळे तुमचा पाठवलेला मेल खरा ठरतो. यातली एक राहिली तर मेल जातो, पण गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडू शकतो, आणि हे तुम्हाला कळत नाही. एसपीएफची ओळ एका डोमेनला एकच असावी. नव्या कंपनीने स्वतःची एसपीएफ ओळ आपोआप घातली आणि तुम्ही जुनीही चिकटवली, तर दोन ओळी झाल्या की दोन्ही निकामी. तपासणारा त्याला चूक धरतो. दोन्हींतला मजकूर एका ओळीत एकत्र करावा लागतो.

डीकेआयएमची नोंद सगळ्यात जास्त वेळा मागे राहते, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. नवी कंपनी बहुतेक वेळा ‘तुमच्या नोंदी आम्ही आपोआप आणल्या’ असं दाखवते. प्रत्यक्षात डीएनएस कुणालाही ‘या डोमेनखालची सगळी नावं सांग’ म्हटल्यावर यादी देत नाही. नेमकं नाव घेऊन विचारलं तरच उत्तर मिळतं. त्यामुळे नवी कंपनी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मेल, एफटीपी अशी नेहमीची नावं घेऊन विचारते आणि जे मिळेल ते भरते. ‘डीफॉल्ट._डोमेनकी’ किंवा ‘बुकिंग’ किंवा तुम्ही आंब्यासाठी केलेलं ‘हापूस’ हे उपनाव तिला कसं सुचणार? आपोआप आलेली यादी आपल्या नोटपॅडशी एकेक ओळ ताडून पाहायलाच हवी.

याखेरीज सीएए नावाची नोंद दिसली तर तीही न्या, साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र कोणी द्यावं ते ती ठरवते. एएएए म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता. एसआरव्ही क्वचित असते. एनएस (नेम सर्व्हरची नावं) आणि एसओए (यादीची स्वतःची माहिती) या दोन प्रकारच्या ओळी मात्र चिकटवायच्या नाहीत, त्या नवी कंपनी स्वतःच्या घालते.

टीटीएल आधी कमी करा

बदलाच्या दोन दिवस आधी जुन्या यादीतल्या सगळ्या ओळींचा टीटीएल ३०० करा. काही चुकलं आणि ओळ दुरुस्त केली, तर जगाला पाच मिनिटांत नवं उत्तर मिळावं यासाठी हे. जुना टीटीएल १४४०० असेल तर कमी केल्यावर किमान चार तास, ८६४०० असेल तर पूर्ण दिवस थांबलं पाहिजे, कारण आधी उत्तर नेलेल्यांकडे तो जुनाच काळ चालू असतो. रजिस्ट्रीचे ते दोन दिवस याने कमी होत नाहीत.

नवी यादी बदलाआधीच तपासा

नव्या कंपनीच्या पॅनेलमध्ये नोंदी भरताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. काही पॅनेलमध्ये नावाच्या रकान्यात फक्त ‘बुकिंग’ लिहायचं असतं, काहींत पूर्ण नाव. चुकीच्या जागी पूर्ण नाव लिहिलं की ‘बुकिंग.तुमचंडोमेन.कॉम.तुमचंडोमेन.कॉम’ असं जोडनाव तयार होतं. भरल्यावर यादीत ते कसं दिसतं ते बघा. दुसरी घसरण डीकेआयएमच्या किल्लीची. २०४८ बिटची किल्ली टीएक्सटीच्या एका तुकड्याच्या २५५ अक्षरांच्या मर्यादेत मावत नाही. बहुतेक पॅनेल ती स्वतः तोडतात, काही तोडत नाहीत आणि शेवट गुपचूप कापतात. जुन्या आणि नव्या किल्लीची शेवटची दहा अक्षरं जुळवून पाहा.

आता कुणाचीही परवानगी न घेता, काहीही न बदलता नव्या नेम सर्व्हरची परीक्षा घेता येते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाइप करा (इथे देवनागरीत दिलंय, संगणकावर इंग्रजी अक्षरांत लिहायचं):

एनएसलुकअप -टाइप=एमएक्स तुमचंडोमेन.कॉम एनएस१.नवीकंपनी.कॉम

शेवटचा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे प्रश्न रोजच्या वाटेने न जाता थेट नव्या नेम सर्व्हरलाच विचारला जातो. उत्तर लिहून घ्या. मग हीच ओळ शेवटी जुना नेम सर्व्हर लिहून पुन्हा द्या. दोन्ही उत्तरं सारखी आली पाहिजेत. एमएक्सच्या जागी ए, टीएक्सटी, सीनेम घालून प्रत्येक ओळ अशी विचारा, आणि नव्या कंपनीने दिलेल्या दोन्ही नेम सर्व्हरना विचारा. मॅकवर ‘डिग’ ही कमांड हेच काम करते. ‘रिफ्यूज्ड’ असं उत्तर आलं तर नव्या ठिकाणी तुमचं डोमेन अजून जोडलंच गेलेलं नाही. अशा स्थितीत नेम सर्व्हर बदलले तर साइट आणि मेल दोन्ही एकदम गायब. ही परीक्षा पूर्ण पास झाल्याशिवाय रजिस्ट्रारच्या पानाला हात लावायचा नाही. माझ्या मते हा सगळ्या कामातला एकमेव टप्पा आहे ज्याला कुठल्याही घाईत सूट नाही.

डीएनएससेक चालू असेल तर

रजिस्ट्रारच्या खात्यात ‘डीएनएससेक’ किंवा ‘डीएस रेकॉर्ड’ असं पान असतं. ते रिकामं असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

तिथे काही भरलेलं असेल, तर रजिस्ट्री जगाला सांगतेय की या डोमेनच्या उत्तरांवर अमुक सही असलीच पाहिजे. नव्या नेम सर्व्हरकडे ती सही नसते. नुसते नेम सर्व्हर बदलले की सही तपासणारे रिझॉल्व्हर तुमचं डोमेन खोटं ठरवून ‘सर्व्हफेल’ देतात. गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ दोघंही सही तपासतात. काही इंटरनेट कंपन्या तपासत नाहीत. म्हणून एका पाहुण्याला साइट दिसते आणि त्याच्या शेजारी बसलेल्याला दिसत नाही, असा चक्रावून टाकणारा प्रकार होतो.

क्रम असा: आधी रजिस्ट्रारकडची डीएस नोंद काढा, जुन्या यादीवरची सही तशीच चालू ठेवा, आणि थांबा. डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. दोन दिवस थांबलात तर उत्तम. मगच नेम सर्व्हर बदला. घाईचा परिणाम मोठ्यांनाही चुकत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला स्लॅक या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेने डीएनएससेक चालू केल्यावर अडचण आली म्हणून डीएस आणि सही दोन्ही काढली. डीएसची नोंद मात्र असंख्य रिझॉल्व्हरकडे जपलेली होती, आणि तिचा काळ संपेपर्यंत कितीतरी लोकांना स्लॅक उघडेना.

प्रत्यक्ष बदल

जुने नेम सर्व्हर वहीत लिहून ठेवा. रजिस्ट्रारच्या खात्यात ‘नेम सर्व्हर’ पानावर ‘कस्टम’ निवडा. नव्या कंपनीच्या पानावरून नावं कॉपी करा, हाताने टाइप करू नका. पानावर चार रकाने असतील तर जुने सगळे पुसा आणि फक्त नवे भरा. सुरक्षिततेसाठी एक जुना ठेवू, असं मनात आलं तरी ठेवू नका. रिझॉल्व्हर दिलेल्यांपैकी कुणालाही विचारतो, त्यामुळे जुनी यादी बंद झाली की काही पाहुण्यांना अधूनमधून साइट मिळेनाशी होईल, आणि हा दोष शोधायला सगळ्यात कठीण. जतन करा, स्क्रीनशॉट घ्या. थोड्या वेळाने हूइजमध्ये नवी नावं दिसली की रजिस्ट्रीपर्यंत बदल पोचला.

आणखी एक काम, जे बरेच जाणकारही विसरतात. जुन्या यादीत आतमध्येही एनएस ओळी असतात, आणि काही रिझॉल्व्हर रजिस्ट्रीपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवतात. त्या ओळी जुनेच नेम सर्व्हर सांगत राहिल्या तर हे रिझॉल्व्हर दोन दिवसांनंतरही जुन्यांनाच चिकटून राहू शकतात. जुन्या पॅनेलने परवानगी दिली तर त्या एनएस ओळींत नव्या नेम सर्व्हरची नावं घाला. परवानगी नसेल तर जुनी यादी थोडी जास्त दिवस चालू ठेवली की झालं.

पहिले दोन दिवस

आधी मेल. बाहेरच्या जीमेलवरून तुमच्या डोमेनच्या पत्त्यावर मेल पाठवा, तिथून उत्तर द्या. उत्तर जीमेलमध्ये आलं की तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ उघडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. डीकेआयएमपुढे ‘फेल’ असेल तर बहुधा किल्ली कापली गेलीय किंवा भरायची राहिलीय. डीकेआयएमची ओळच दिसत नसेल तर मेल पाठवणारा सर्व्हर सही करत नाहीये. मग साइट पाहा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता. साइट सुरक्षित नसल्याची सूचना ब्राउझर देत नाही ना ते बघा. बुकिंगचं पान शेवटपर्यंत भरून बघा.

हे सगळं घरच्या फायबरवर एकदा आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा. मुंबईतल्या नातेवाइकाला सांगून तिथूनही बघायला लावा. तुमच्या संगणकावर जुनंच दिसत राहिलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ द्या. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या रिझॉल्व्हरमध्ये जपलेलं उत्तर पुसण्यासाठी त्यांची स्वतःची उघडी पानं आहेत, तीही वापरता येतात.

काही चुकलेलं दिसलं तर पहिली उडी जुन्या नेम सर्व्हरकडे परत मारू नका. परत फिरलात की पुन्हा दोन दिवसांचं नवं संक्रमण सुरू होतं आणि कोण कुठे विचारतोय ते कळेनासं होतं. नव्या यादीत हुकलेली ओळ भरा, चुकीची दुरुस्त करा. काही मिनिटांत फरक दिसेल. नवे नेम सर्व्हर अजिबातच उत्तर देत नसतील तरच मागे फिरायचं. या दोन दिवसांत यादीत कुठलाही बदल करावा लागला तर तो जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी करा.

जुनं कधी बंद करायचं

जुन्या कंपनीचं पॅकेज आठवडाभर तरी चालू राहू द्या, पंधरा दिवस राहिलं तर आणखी बरं. बिल वाचवायला दुसऱ्याच दिवशी बंद केलं तर दोन दिवसांच्या आतले पाहुणे थेट भिंतीवर आदळतील. आणि मेलबॉक्स जुन्या होस्टिंगवरच असतील तर ते पॅकेज बंद करायचंच नाही, जोपर्यंत मेल दुसरीकडे हलवून जुने मेल उतरवून घेतलेले नाहीत.

एक गोष्ट कॅलेंडरवर लिहा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत सुरक्षा प्रमाणपत्र सहसा ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं. ते नवं करताना जुन्या कंपनीच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी ओळ घालून मालकी पटवली जात असेल, तर आता ती ओळ चुकीच्या जागी पडेल आणि नूतनीकरण फसेल. आज काहीच दिसणार नाही. जुलैत केलेल्या कामाचा फटका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नेमकी दिवाळीची बुकिंगं सुरू होताना बसेल. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्राची शेवटची तारीख पाहा आणि तिच्या तीन आठवडे आधीची आठवण लावा. त्या दिवशी तारीख पुढे गेलेली नसेल तर होस्टिंगवाल्याला लगेच कळवा.

शेवटी टीटीएल ३०० वरून ३६०० किंवा त्याहून वर न्या. डीएनएससेक हवं असेल तर नव्या कंपनीकडून नवी डीएस नोंद घेऊन रजिस्ट्रारकडे भरा. नव्या यादीची एक्स्पोर्ट केलेली फाइल, रजिस्ट्रारच्या खात्याचं नाव आणि मुदतीची तारीख एका जागी ठेवा, आणि ती जागा घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.